चेक, चेक आणि चेक : शब्द एक की चार?

मुळाकाठची
नमस्कार मंडळी. काल दुपारी घरात एक प्रश्न निघाला. माझ्याच्याने तो सुटेना, म्हणून इथे आले.

सातवीतली लेक आजोबांशी बुद्धिबळ खेळत होती. आजोबा "शह!" म्हणतात. ती मोबाईलवर शिकलेली, त्यामुळे ती "चेक!" म्हणते. तेवढ्यात नवरा बँकेत चेक टाकायला निघाला, अंगात निळ्या चेक्सचा शर्ट. दारातून म्हणाला, "गॅस बंद केलाय ना, एकदा चेक कर गं." लेकीने हातातला घोडा तसाच अधांतरी धरला आणि विचारलं, "आई, हे सगळे चेक एकच की वेगवेगळे?"

मी म्हटलं, वेगवेगळे असणार, इंग्रजीत असतात असे सारखे वाटणारे शब्द. तर म्हणाली, "असणार म्हणजे? तू बघितलंस का?"

नव्हतं बघितलं. घरात इंग्रजी शब्दकोश आहे, पण त्यात एकाखाली एक अर्थच दिलेत. कोणाला ठाऊक असेल तर नीट सांगा, मला तिला खरं उत्तर द्यायचंय.

छर्रे_आणि_कोन
त्यात पाचवा घाला : चेकनट.

कसब्यात वडिलांचं सायकलचं दुकान होतं. चाकाच्या ॲक्सलवर आधी छर्रे, मग कोन (छर्र्यांना धरून ठेवणारा शंकूसारखा नट), मग वायसर आणि वरून चेकनट. कोन असा बसवायचा की चाक मोकळं फिरलं पाहिजे आणि रिम धरून हलवली तर लटपटता कामा नये. तो जागेवर आला की पातळ पान्याने कोन धरून ठेवायचा आणि दुसऱ्या पान्याने चेकनट आवळायचा. मी नववीत असताना कोन न धरताच आवळला. कोनही बरोबर फिरत गेला, छर्रे दाबले गेले आणि गिऱ्हाईक चिंचवडच्या रस्त्याला लागल्यावर चाक जाम झालं. वडील रागावले नाहीत. ग्रीसने काळा झालेला माझा तळवा हातात घेऊन त्यांनी तो पाना मला पुन्हा धरायला लावला.

सांगायचं कारण, चेकनट काही तपासत नाही. तो कोनाला अडवून धरतो. म्हणजे चेकचा एक अर्थ अडवणे. तिथून सुरुवात करून बघा.

रेवा_२३
चेक प्रजासत्ताक राहिलं की!

जुने_पान
रेवा, त्या देशाचं नाव तिथल्या स्लाव लोकांच्या स्वतःच्या नावावरून आलंय, त्याचा या चेकशी संबंध नाही. उच्चार जुळला इतकंच.

छर्रे_आणि_कोन यांनी अगदी बरोबर टोक धरलंय. मूळताई, तुमच्या घरात उत्तर त्याच पटावर मांडलेलं होतं. आजोबा म्हणाले "शह", नात म्हणाली "चेक". दोघं एकच शब्द बोलत होते.

शह म्हणजे फारसी शाह, राजा. राजावर हल्ला आला की समोरच्याला सावध करायला म्हणायचं, "शाह!" म्हणजे राजा सांभाळ. हा खेळ आपल्याकडचा चतुरंग. इराणात तो गेला तेव्हा त्याचं झालं चतरंग, पुढे अरबांकडे शतरंज. अरबांबरोबर तो स्पेनकडे आणि इटलीकडे सरकला आणि शाहचं मध्ययुगीन लॅटिनमध्ये झालं स्काक्कुस, जुन्या फ्रेंचमध्ये एशेक. इंग्रजांनी फ्रेंचमधून घेताना पुढचा ए गाळला. राहिलं चेक.

आणि चेस? फ्रेंचमध्ये एशेकचं अनेकवचन एशे. त्याचंच चेस. म्हणजे चेस या शब्दाचा अर्थ झाला "राजे". जर्मन आजही शाख म्हणतात, रशियन शाख्मती.

तपासणे हा अर्थ मागाहून आला. राजाला शह बसला की बाकीचं सगळं सोडून आधी तो निवारायचा, हवी ती चाल करता येत नाही. त्यावरून चेक म्हणजे अचानक बसलेली अडकाठी. मग आवर, लगाम. मग कोणी गैर करू नये म्हणून ठेवलेली नजर. नजर ठेवायची म्हणजे पडताळून बघायचं. गॅसचा चेक इथवर येतो.

तिरकी_चाल
जुने_पान, वा! लहानपणापासून स्पर्धा खेळतोय, पण चेस म्हणजे राजे हे आज कळलं.

"मात" या शब्दाचं मी सांगतो. चेकमेटमधला मेट म्हणजे शहमातमधली मात. पुष्कळ पुस्तकांत "राजा मेला" असा अर्थ देतात, कारण अरबीत मात म्हणजे मेला. पण फारसीत मात म्हणजे हतबल झालेला, काही सुचेनासा झालेला. पटावरही तेच घडतं. राजाला कोणी मारत नाही, त्याला जायला घर उरत नाही. "संकटावर मात केली" म्हणतो ती हीच मात. आणि प्याद्याने दिली तर प्यादेमात. माझ्या काकांना तीच दिली की खरा आनंद व्हायचा.

मूळताई, लेकीला एक सांगा. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे आता शह तोंडाने सांगायची सक्ती नाही. स्पर्धेत कोणी म्हणत नाही. घरी मात्र म्हणावं. आजोबांच्या "शह!"मध्ये हजार-दीड हजार वर्षांची हाक आहे, ती बंद पडू नये असं मला मनापासून वाटतं.

चौथा_मजला
बुद्धिबळाचं पटलं, पण बँकेचा चेक वेगळा आहे. तो अरबी सक्कवरून आलाय, व्यापारी दूर गावी पैसे मिळण्यासाठी जी चिठ्ठी द्यायचे ती. स्पेलिंगही वेगळंच आहे. मी हे बऱ्याच ठिकाणी वाचलंय.

निवृत्त_रोखपाल
चौथा_मजला, सक्क ही चिठ्ठी खरीच होती आणि अरब व्यापाऱ्यांत ती चालायची. त्याबद्दल वाद नाही. पण इंग्रजी शब्द तिच्यावरून आला हे इंग्रजीचे मोठे कोश मानत नाहीत. मी पस्तीस वर्षं काउंटरवर बसलो, त्यामुळे जे कारण ते देतात ते मला हाताने कळतं.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडात चेक म्हणत ते स्थळप्रतीला. कागद फाडून दिला की जो भाग आपल्याकडे उरतो तो. दिलेला कागद परत आला की त्याच्याशी लावून बघायचा. कोणी आकडा बदलला असेल तर तिथे सापडणार. म्हणजे खोटेपणाला चेक. मग उरलेल्या तुकड्याचं नाव हळूहळू दिलेल्या कागदाला चिकटलं.

स्पेलिंग वेगळं झालं ते एक्स्चेकर या शब्दाच्या वळणावर, तो इंग्लंडचा सरकारी खजिना. अमेरिकेत आजही बँकेचा चेक आणि तपासायचा चेक एकाच स्पेलिंगने लिहितात.

माझ्याकडे एक आजी यायच्या, नारायण पेठेतल्या. चेक लिहून झाला की स्थळप्रतीवर रक्कम, तारीख आणि कारण लिहायच्या. "दूध". "नातवाची फी". एकदा दुसऱ्या एका बँकेतून त्यांचा चेक परत आला, सही जुळत नाही म्हणून. हात कापायचा त्यांचा. त्यांनी स्थळप्रतींचा सगळा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, "बघा, मी कधी खोटं लिहिलंय का?" नमुन्याची सही नवीन घेतली तेव्हा प्रश्न सुटला. आता बहुतेक चेकबुकांत स्थळप्रत नसते, सुरुवातीला नोंदीचं एक पान असतं आणि ते कोरंच राहतं. याचं मला वाईट वाटतं.

चौथा_मजला
रोखपालकाका, पटलं. स्थळप्रतीचा मुद्दा मला माहीत नव्हता. सक्कचं मागे घेतो.

शुद्धमराठी
धनादेश असा सुंदर शब्द असताना चेकचं एवढं कौतुक कशाला?

निवृत्त_रोखपाल
शुद्धमराठी, धनादेश मलाही आवडतो, पत्रात तोच लिहायचो. पण बोलताना लोक "चेक वटला का?" विचारतात, आणि त्यातलं वटणं आपलं आहे. पूर्वी हुंडी वटायची. हुंडी गेली, तिचं क्रियापद चेकने घेतलं. नाम परदेशातून आलं तरी मराठीने त्याला आपल्या क्रियापदावर चालवलं.

मुळाकाठची
किती छान सांगताय सगळे. लेक शेजारी बसून वाचतेय. तिचा प्रश्न : शर्ट राहिला.

टाकेटिपा
शर्टाचं मी सांगते, शिवणकाम करते म्हणून. लक्ष्मी रोडच्या मागच्या बोळात आमचं छोटं दुकान आहे.

चेक्सचं कापड आलं की मी मीटरमागे थोडं जास्तच मागते. गिऱ्हाईक विचारतं का, तर चौकडी जुळवायला. पुढची बटणपट्टी लावल्यावर आडवी रेघ तुटता कामा नये. खिसा लावला की खिशातली रेघ अंगावरच्या रेघेवर बसली पाहिजे, इतकी की खिसा आहे हे लांबून दिसू नये. मी खिशाचा तुकडा कापडावर ठेवून चौकटीच्या चारी कोपऱ्यांत टाचण्या टोचते, मगच कात्री. टाचणी एक सूत सरकली तरी डोळ्याला लगेच खुपतं.

आमच्या आजी चेक्स म्हणत नसत. त्या म्हणायच्या चौकडा. चौकड्याचं लुगडं. मला वाटतं शर्टाचा चेक पटावरून आला असेल, पण तो कसा ते जाणकार सांगतील.

जुने_पान
टाकेटिपा, तसाच आला. फ्रेंचमध्ये बुद्धिबळाच्या पटाला एशेकिए म्हणत. त्याचं इंग्रजीत चेकर, म्हणजे चौकटी चौकटींचं काहीही. चेकरचं आखूड रूप चेक, तोच कापडाचा.

यात एक गंमत आहे. आपला जुना पट चौकटींचा असला तरी दोन रंगांचा नव्हता. अष्टापद म्हणत त्याला, आठ बाय आठ नुसत्या रेघा. एक घर काळं, एक पांढरं ही पद्धत युरोपात पडली. आणि पट शब्दाचा आपल्याकडचा मूळ अर्थच कापड. सारीपाट अजूनही कापडाचा असतो, गुंडाळून खुंटीला अडकवता येतो.

आता रोखपालकाकांचा खजिना. एक्स्चेकर म्हणजे शब्दशः बुद्धिबळाचा पट. बाराव्या शतकात रिचर्ड फिट्झनील नावाच्या इंग्लंडच्या कोषाध्यक्षाने त्या कचेरीचं सगळं काम लिहून ठेवलंय. दहा फूट लांब, पाच फूट रुंद टेबल. त्यावर काळं कापड, कापडावर वीतभर किंवा फूटभर अंतराने रेघा. त्यांचे आकडे रोमन, शून्य नाही. कागदावर बेरीज करणं जिकिरीचं. म्हणून एका रकान्यात पेनी, पुढच्यात शिलिंग, मग पौंड, मग विसा, शेकडा, हजार असं मांडून त्यात सोंगट्या ठेवायच्या. परगण्याची वसुली करणारा शेरीफ एका बाजूला आणि राजाचे अधिकारी समोर. किती देणं होतं आणि किती भरलं ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. फिट्झनील स्वतःच याची तुलना बुद्धिबळाच्या डावाशी करतो. त्या कापडावरून खात्याचं नाव पडलं. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याचं पद आजही चॅन्सेलर ऑफ द एक्स्चेकर.

छर्रे_आणि_कोन
म्हणजे अर्थमंत्री बुद्धिबळाच्या पटावर बसलाय आणि टाकेटिपा त्याच पटाचे शर्ट शिवताहेत! मजा आली.

निवृत्त_रोखपाल
त्याच कचेरीत पावतीही कागदाची नसायची. हेझलच्या लाकडाची काठी घेऊन तिच्यावर रकमेप्रमाणे खाचा पाडायच्या आणि काठी उभी चिरायची. एक भाग भरणाऱ्याकडे, एक खजिन्यात. दोन्ही जोडले की खाचा जुळल्या पाहिजेत. स्थळप्रतच ती. खोटी काठी बनवणाऱ्याला लाकडाचे तंतू जुळवता येत नाहीत.

या काठ्या एकोणिसाव्या शतकापर्यंत चालल्या. बंद केल्यावर ढीगभर उरल्या, त्या १८३४ च्या ऑक्टोबरात पार्लमेंटच्या तळघरातल्या भट्टीत जाळल्या. धुराड्यं इतकी तापली की जवळजवळ अख्खं पार्लमेंट जळालं. आजची लंडनची बहुतेक इमारत त्यानंतरची.

वेल्हेकर
आमच्या गावाकडचा चेक कोणी घेतला नाही. चेक डॅम.

ओढ्याला आडवा लहानसा बंधारा. धरण पाणी साठवून ठेवतं, हा धावतं पाणी जरा थोपवतो. पाणी थबकलं की माती खाली बसते आणि पाणी जमिनीत मुरतं. विहिरीला मार्चपर्यंत पाणी राहतं ते याच्यामुळे. चेकनट, चेक डॅम, दोन्हीकडे अडवणंच. आमचे आबा त्याला "चेकडाम" म्हणतात आणि पहिला पाऊस झाला की काठी घेऊन बघायला जातात, कुठून पाझरतोय ते. म्हणजे आबा चेक चेक करतात.

रेवा_२३
वेल्हेकर, आबांना नमस्कार सांगा.

मला आता सगळीकडे शाह दिसायला लागलाय. शहाजिरे? शहामृग? शहाणा?

जुने_पान
रेवा, तिन्हींची तीन उत्तरं.

शहाजिरे खरंच शाहचं. जिऱ्यातलं राजेशाही जिरं.

शहामृगात शाह नाही आणि मृगही नाही. फारसीत त्याला शुतुरमुर्ग म्हणतात. शुतुर म्हणजे उंट, आपल्याकडच्या शुतुरनाल तोफेतला, मुर्ग म्हणजे पक्षी. उंटासारखा पक्षी. मराठीने ऐकलं आणि आपल्या ओळखीच्या दोन शब्दांत बसवून टाकलं.

शहाणा आपलाच. हिंदीतला सयाना तोच. तो सज्ञानवरून येतो.

शहा_कर्वेनगर
आणि आमचं आडनाव? लहानपणी वर्गात बुद्धिबळ खेळताना मला सगळे "चेक" म्हणून हाक मारायचे.

जुने_पान
तुमचं आडनाव व्यापाऱ्यांचं. साधू, त्याचं प्राकृतात साहू, त्याचं गुजरातीत शाह. आपल्याकडचे साव आणि सावकार त्याच घरातले. इराणच्या राजाशी नातं नाही, पण सचोटीशी आहे.

शहा_कर्वेनगर
हे आज वडिलांना फोन करून सांगतो. दुकान त्यांनी सचोटीनेच चालवलं.

शुद्धमराठी
म्हणजे शेवटी चेक फारसी. शह फारसी, मात फारसी. मराठीचं यात चतुरंगापुरतंच.

जुने_पान
शुद्धमराठी, तुमची तळमळ मला समजते, मीही शब्द जपणाऱ्यांतलाच आहे. पण शाहच्याही मागे जाऊन बघा.

जुन्या फारसीत शाहचं रूप होतं ख्शायथिय, राज्य करणारा. त्यांच्याकडे ख्श म्हणतात तिथे आपल्याकडे बहुतेक वेळा क्ष सापडतो. धातू क्षि, सत्ता चालवणे. त्याच घरातलं आपलं क्षत्र, आणि क्षत्रावरून क्षत्रिय. म्हणजे शाह आणि क्षत्रिय एकाच मुळाचे. पुढे ऐका, फारसीत क्षत्रचंच पुढे झालं शह्र. आधी अर्थ राज्य, मग नगर. तेच आपलं शहर. पुणे शहर म्हणतो त्यातल्या शहरात क्षत्र आहे.

पुरावा बघायचा तर लांब जायला नको. पुणे जिल्ह्यातच दगडावर कोरलेला आहे. कार्ल्याच्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे, भिक्षूंना गाव दान दिल्याचा. त्यात तो स्वतःला क्षहरात कुळातल्या क्षत्रप नहपानाचा जावई म्हणवतो. जुन्नरच्या मानमोडी लेण्यात नहपानाचा अमात्य अयम याचा लेख आहे, तिथे महाक्षत्रप. क्षत्रप म्हणजे क्षत्र राखणारा, ही इराणी पदवी. इंग्रजीत तीच सॅट्रप. नहपानाला गौतमीपुत्र सातकर्णीने हरवलं आणि त्याच्याच नाण्यांवर आपला ठसा मारला. अशी हजारो नाणी १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभीला सापडली.

कार्ल्याचा लेख मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा दुपार होती आणि चैत्याच्या दारातून तिरपं ऊन येत होतं. सपाट ऊन असतं तेव्हा ती ब्राह्मी अक्षरं दिसतही नाहीत. तिरप्या उन्हात प्रत्येक खाचेला सावली येते. बोट न लावता हवेतच ते अक्षर गिरवून बघितलं. तिथे उभं असताना मला फारसी परकी वाटली नाही. लांब गेलेल्या बहिणीसारखी वाटली.

शुद्धमराठी
कार्ल्याला दहा वेळा गेलोय, लेख कधी वाचला नाही. पुढच्या रविवारी जातो. धनादेश मी लिहीत राहणार, पण "शह"वरचा राग गेला.

तिरकी_चाल
अवांतर, पण विषयाला धरून : पोर्तुगीज लोक बुद्धिबळाला शाद्रेझ म्हणतात, म्हणजे शतरंज, म्हणजे आपलं चतुरंगच. आणि त्यांच्यात चौकडीच्या कापडालाही शाद्रेझच. इंग्रजांनी चेक्सचं नाव राजावरून घेतलं, त्यांनी खेळावरून. टाकेटिपा, तुमच्या दुकानात दोन्ही लटकलेत.

टाकेटिपा
आज एक हिरव्या चौकड्याचा शर्ट कापायला घेतलाय. टाचण्या लावताना हेच सगळं डोक्यात आहे.

मुळाकाठची
सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर लेकीला पटाजवळ बसवून सगळं सांगितलं. नवऱ्याचा शर्ट दोरीवरून काढून आणला, चेकबुक आणलं. तिने राजा उचलून आधी शर्टावरच्या एका चौकटीत ठेवला, मग चेकबुकावर, मग परत पटावर. आजोबा बघत होते. त्यांना क्षत्रपांचं सांगितलं तर म्हणाले, जुन्नर आपलं आजोळ, मानमोडीला मी लहानपणी गुरांमागे गेलोय, आत काय लिहिलंय हे कोणी सांगितलं नाही.

मग डाव मांडला. लेक चौदाव्या-पंधराव्या खेळीला हत्ती पुढे सरकवून "शह!" म्हणाली. आजोबांनी बराच वेळ पटाकडे बघितलं, उंट आडवा घातला आणि म्हणाले, "चेक निघाला."

छर्रे_आणि_कोन, तिची सायकल मागच्या चाकात लटपटतेय. कसब्यातलं दुकान अजून चालू आहे का?

छर्रे_आणि_कोन
चालू आहे, आता भाऊ बघतो. शनिवारी सकाळी दहानंतर या. कोन तिलाच धरायला देऊ.